निघणे आणि पळणे : सोपाऱ्याचा पुण्ण, महाडचे तळे आणि न्हावा शेवाची तरुण पिढी

न्हावा शेवा बंदरातून २०२४-२५ या आर्थिक वर्षात ७० लाखांहून अधिक टीईयू, म्हणजे वीस फुटी डब्यांच्या हिशेबाने मोजली जाणारी कंटेनर वाहतूक झाली. इथून सुटलेला डबा सिंगापूर पाहतो, दुबई पाहतो, युरोपातली बंदरे पाहतो. पण त्या डब्याचे सील तपासणारा, गेटवर नोंद करणारा, ट्रेलर चालवणारा आपला तरुण वर्षानुवर्षे घर, गोदाम, चहाची टपरी, मोबाइल आणि पुन्हा घर याच फेऱ्यात असतो. १२ जानेवारी २०२४ ला एकाच दिवशी अटल सेतूचे आणि उरणपर्यंतच्या रेल्वेचे उद्घाटन झाले. न्हावा शेवाच्या नावाचे स्टेशन झाले. अटल सेतूवर दुचाकीला परवानगी नाही, ही गोष्ट वेगळी. तरीही रस्ते वाढले. त्या रस्त्यांवरून आपण कुठे निघालो, हा प्रश्न मात्र शिल्लक आहे.

"आयुष्यात काहीतरी बदल हवा" असे म्हणणारे तरुण विहारात, मंडळात, कंपनीच्या बसमध्ये रोज भेटतात. त्यांना दोन प्रकारचे सल्ले मिळतात. मोबाइलवरचे व्हिडिओ सांगतात, नोकरी सोडा, बॅग भरा आणि निघा. घरातली मोठी माणसे सांगतात, आहे ते सांभाळ, नसती धाडसे नकोत. पहिला सल्ला ज्याच्या पाठीशी पैसा आहे त्याला परवडतो. कंत्राटी पगारावर ज्याचे घर चालते त्याने तो जसाच्या तसा ऐकला तर पुढच्या महिन्याचे भाडे थकते. दुसरा सल्ला मायेपोटी दिलेला असतो, पण तो सगळ्यांनीच ऐकला असता तर आपला समाज आजही गावकुसाबाहेरच राहिला असता.

आपल्या परंपरेत या प्रश्नाला तिसरे उत्तर आहे आणि त्यातला काही भाग तर आपल्याच किनाऱ्यावर घडलेला आहे. ते नीट समजून घेऊ.

संवेग आणि अप्पमाद

पाली साहित्यात 'संवेग' असा एक शब्द येतो. एखादी गोष्ट पाहून किंवा ऐकून मनाला जो हादरा बसतो आणि "आता असेच बसून चालणार नाही" असे आतून वाटते, तो संवेग. ठरवून येत नाही, अचानक येतो. आज आपण ज्याला उत्स्फूर्तता म्हणतो ती याच्या अगदी जवळची आहे.

पण संवेगाचे आयुष्य थोडे असते. भाषण ऐकून पेटलेला माणूस दोन दिवसांत थंड होतो, हे प्रत्येक कार्यकर्त्याने पाहिले आहे. म्हणून भगवान बुद्धांनी 'अप्पमाद' म्हणजे सततची जागरूकता, गाफील न राहणे, याला एवढे महत्त्व दिले. संवेग माणसाला उठवतो, अप्पमाद त्याला पोहोचवतो. नुसता संवेग असेल तर गडबड होते. नुसती सावधगिरी असेल तर माणूस जागचा हलत नाही.

इथे तृष्णेचाही एक प्रकार लक्षात ठेवावा. विभवतृष्णा म्हणजे "हे सगळे नको, यातून सुटका हवी" ही ओढ. पुष्कळदा आपण जिला साहसाची हौस समजतो ती आतून ही विभवतृष्णाच असते. निघणे आणि पळणे बाहेरून सारखेच दिसते. दोन्हीत पाठीवर बॅग असते. फरक आत असतो.

सोपाऱ्याचे दोघे

आजचे नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक, पालीत सुप्पारक. कोकण किनाऱ्यावरचे मोठे बंदर. आज जे स्थान न्हावा शेवाचे आहे, त्याच जातीचे स्थान तेव्हा सोपाऱ्याचे होते. या एका बंदराशी बौद्ध साहित्यातल्या दोन माणसांची नावे जोडलेली आहेत.

पहिला बाहिय दारुचीरिय. झाडाच्या सालीची वस्त्रे नेसणारा. त्याची गोष्ट 'उदान' या ग्रंथात येते. सोपाऱ्याच्या समुद्रकाठी तो राहत होता. लोक त्याला मान देत, दान देत. आपण बहुधा अर्हत झालो आहोत असे त्यालाही वाटू लागले होते. तू अर्हत नाहीस आणि त्या वाटेवरही नाहीस, हे त्याला कळवले जाते. कथेत हे काम एक देवता करते. ती देवता बाजूला ठेवली तरी मुद्दा राहतोच : सुखाने चाललेल्या माणसाला आपल्याबद्दलचे सत्य कळले. त्याने काय केले? तो तत्काळ उठला आणि श्रावस्तीची वाट धरली. वाटेत एका रात्रीपेक्षा जास्त कुठे थांबला नाही. बुद्ध भिक्षाटनाला निघाले होते. बाहियाने रस्त्यातच उपदेश मागितला. ही वेळ नव्हे, असे दोनदा उत्तर मिळाले. त्याने तिसऱ्यांदा मागितला, कारण आयुष्य किती उरले आहे कोणाला ठाऊक? तेव्हा बुद्धांनी मोजक्या शब्दांत सांगितले की पाहताना फक्त पाहणे असू दे, ऐकताना फक्त ऐकणे. त्यात 'मी' आणि 'माझे' मिसळू नकोस. बाहियाला तिथेच बोध झाला आणि त्यानंतर लवकरच त्याचा अपघाती मृत्यू झाला. उद्यावर ढकलले असते तर राहून गेले असते.

दुसरा पुण्ण, संस्कृतात पूर्ण. 'दिव्यावदान' ग्रंथात त्याचे चरित्र येते आणि ते आपल्याला फार जवळचे वाटेल असे आहे. तो सोपाऱ्याच्या व्यापाऱ्याचा मुलगा, पण आई दासी. वाटणीच्या वेळी सावत्र भावांनी त्याला दासीपुत्र म्हणून डावलले. त्याने स्वतःच्या हुशारीवर चंदनाच्या व्यापारात नाव कमावले, समुद्रावर सफरी केल्या. अशाच एका सफरीत श्रावस्तीचे व्यापारी पहाटे काही पठण करीत होते. त्याने विचारले, ही कुठली गाणी? त्यांनी सांगितले, ही गाणी नव्हेत, बुद्धवचने आहेत. 'बुद्ध' हा शब्द ऐकून तो थरारला, असे कथा सांगते. हाच संवेग. परत आल्यावर त्याने घरदार सोडून बुद्धांकडे जाण्याचा निर्णय घेतला.

पण पुढचा भाग जास्त महत्त्वाचा. 'मज्झिम निकाया'तल्या पुण्णोवाद सुत्तात तो बुद्धांना सांगतो की मी आता सुनापरान्तात, म्हणजे आपल्या या किनारी मुलुखात जाऊन राहणार. बुद्ध त्याला विचारतात, तिथले लोक उग्र आहेत, तुला शिव्या दिल्या तर? पुण्ण म्हणतो, हाताने मारले नाही म्हणून त्यांना भले समजेन. हाताने मारले तर? दगड मारले नाहीत म्हणून भले समजेन. असे करत करत प्रश्न दगड, काठी, शस्त्र आणि शेवटी मरणापर्यंत येतो. पुण्णाकडे प्रत्येक पायरीचे उत्तर तयार असते. तेव्हा बुद्ध त्याला जायला सांगतात. त्याच वर्षावासात त्याने पाचशे उपासक आणि पाचशे उपासिका धम्मात आणल्या, असे सुत्त सांगते.

बाहियाकडून आपण घ्यायचे ते तत्काळ उठणे. पुण्णाकडून घ्यायचे ते निघण्यापूर्वी धोक्याची एकेक पायरी मनात चढून पाहणे. त्याने "काही होणार नाही" असे स्वतःला समजावले नाही. काय काय होऊ शकते ते मोजले आणि मग पाऊल टाकले.

चवदार तळे : अचानक घडलेले की तयारीने?

आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण घेऊ. रायगड जिल्हा तेव्हा कुलाबा जिल्हा होता. १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. दुसऱ्या दिवशी परिषद आटोपत आली असताना अनंतराव चित्रे उठले आणि त्यांनी सुचवले की एक महत्त्वाचे काम केल्याशिवाय परिषद संपू नये. तळ्यावर जाण्याचा हक्क कागदावर आहे, तो आता वापरू. बाबासाहेब उठले, लोक उठले आणि रांगेने चवदार तळ्याकडे निघाले. तिथे बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी प्यायले आणि इतिहास बदलला.

त्या दिवशी मंडपात बसलेल्या पुष्कळ माणसांना घरून निघताना आपण आज तळ्यावर जाणार हे माहीत नसावे. त्यांच्यासाठी तो क्षण उत्स्फूर्तच होता. पण त्या क्षणामागे काय काय होते ते पाहा. ४ ऑगस्ट १९२३ ला सीताराम केशव बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मुंबई कायदे मंडळात मंजूर झालेला होता. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे खुले करण्याचा ठराव केला होता. नगराध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस पाठीशी होते. रामचंद्र बाबाजी मोरे यांनी परिषदेसाठी गावोगाव पायपीट केली होती. कायदा, ठराव, माणसे, संघटन सगळे जमलेले होते. म्हणून एका सूचनेवर हजारो पावले उठू शकली.

पुढचे प्रसंगही विसरू नयेत. मंदिरात शिरणार अशी अफवा पसरवली गेली, जेवायला बसलेल्यांवर हल्ले झाले. परतून वार करण्याची ताकद असलेली माणसे आपल्यात होती. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. धाडस आणि संयम एकाच दिवशी, एकाच माणसांकडून मागितला गेला आणि तो त्यांनी दिला.

न्हावा शेवाच्या मातीलाही हे अनोळखी नाही. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी उरणचे शेतकरी, आगरी-कोळी बांधव रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यामागेही तयारी आणि संघटन होते.

यातून तरुणांनी एक सरळ धडा घ्यावा. क्षण अचानक येतो, पण त्याचा उपयोग तोच करू शकतो ज्याची तयारी आधीपासून चालू असते. पासपोर्ट काढलेला नाही, जातपडताळणीची फाइल अपुरी आहे, मार्कशीटवर नावाची चूक तशीच आहे, अशा स्थितीत संधी आली तर उत्स्फूर्तपणे फक्त हळहळता येते.

धर्मानंद कोसंबी : गोव्याहून सिंहलद्वीपापर्यंत

गोव्यातल्या साखवाळ गावात १८७६ साली धर्मानंद कोसंबींचा जन्म झाला. शाळेचे शिक्षण अपुरे, लहानपणीच लग्न, नारळाच्या बागायतीत काम. 'बालबोधमेवा' या मुलांच्या मराठी मासिकात त्यांनी बुद्धांविषयी वाचले आणि ते नाव मनात रुतले. १८९९ च्या अखेरीस ते घरातून निघाले. हातात पैसा नव्हता, पदवी नव्हती. पुणे, मग काशी. काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. धम्माच्या शोधात नेपाळला गेले, तिथे निराशा झाली. बुद्धगयेला पोहोचले, पुढे १९०२ मध्ये सिंहलद्वीपात जाऊन पाली शिकले, भिक्खू झाले, नंतर ब्रह्मदेशात राहिले. १९०६ च्या सुमारास परतले तेव्हा पालीचे असे जाणकार भारतात बोटांवर मोजण्याइतके होते. पुढे कलकत्ता, पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज आणि थेट अमेरिकेतले हार्वर्ड विद्यापीठ इथे त्यांनी काम केले. १९३० च्या दशकात मुंबईच्या कामगारवस्तीत त्यांनी बहुजनविहार उभारला. आज आपण मराठीत बुद्धांविषयी जे वाचतो त्याचा मोठा पाया त्यांनी घातलेला आहे.

प्रवासाने त्यांना नेमके काय दिले? गावात ते अमक्याचा मुलगा होते, अमक्याचे जावई होते. बाहेर त्यांना कोणी ओळखत नव्हते. ओळखीचा माणूस आपल्याला जुन्याच रूपात पाहतो, म्हणून आपणही जुनेच वागतो. अनोळखी जागी ती सवय सुटते. शिवाय रोज नवी अडचण सोडवावी लागते, कुठे झोपायचे, कोणाला विचारायचे, नकार आला तर काय करायचे. असे छोटे छोटे भय ओलांडत गेले की मोठ्या भयाची धार जाते. बदल घडतो तो असा. तो ठिकाणाने होत नाही, तिथे पोहोचताना लागलेल्या सवयींनी होतो.

सिद्धार्थ पळाला नव्हता

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मध्यरात्री झोपलेली पत्नी आणि बाळ सोडून सिद्धार्थ गुपचूप निघून गेला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. धर्मानंदांनी पाली सुत्तांच्या आधारे ती नाकारली. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात ती स्वीकारली नाही. त्यांच्या मांडणीत शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून वाद पेटतो. संघ युद्धाचा ठराव करतो. सिद्धार्थ विरोध करतो, पण बहुमत त्याच्या विरुद्ध जाते. कुटुंबावर बहिष्कार आणि मालमत्तेची जप्ती येऊ नये म्हणून तो स्वतः परिव्रज्या स्वीकारतो. आई-वडिलांशी बोलतो, यशोधरेशी बोलतो. तिची संमती घेऊन, दिवसाउजेडी, लोकांसमोर घर सोडतो. पुढे दोन्ही गणांत समेट झाल्याची बातमी येते, तरीही तो परत फिरत नाही, कारण आता प्रश्न एका नदीचा राहिलेला नसतो, साऱ्या जगातल्या दुःखाचा झालेला असतो.

निघणे आणि पळणे यातला फरक यापेक्षा स्पष्ट कुठे सापडणार नाही. पळणारा कोणाला विचारत नाही. निघणारा सांगून निघतो. पळणाऱ्याला फक्त मागचे टाळायचे असते. निघणाऱ्याला पुढचे काही शोधायचे असते आणि ते घेऊन त्याला माणसांत परत यायचे असते.

किंमत कोण मोजते?

धाडसाच्या गोष्टी सांगताना हा प्रश्न आपण टाळतो. २ फेब्रुवारी १९१३ ला सुभेदार रामजी गेले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचले. बडोद्याची शिष्यवृत्ती चालून आली आणि त्यांनी ती घेतली. मागे रमाई होत्या, वर्षाचाही न झालेला यशवंत होता. बाबासाहेब १९१७ च्या ऑगस्टमध्ये परतले. मधली वर्षे घर कसे चालले असेल ते रमाईंनाच ठाऊक. धर्मानंद सिंहलद्वीपात शिकत होते तेव्हा गोव्यात बाळाबाई लहान मुलीला घेऊन राहत होत्या. धाडस एकाचे दिसते, किंमत घरभर वाटली जाते. बाबासाहेबांनी ती किंमत वाया जाऊ दिली नाही. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने लंडनचे शिक्षण अर्धवट राहिले, तर १९२० मध्ये पुन्हा जाऊन ते पुरे केले. अप्पमाद म्हणतात तो हाच.

दुसरी गोष्ट मुलींची. "अचानक निघालो" हे वाक्य आपल्या घरात मुलगा म्हणू शकतो. मुलीला दहा प्रश्न विचारले जातात. आपल्या परंपरेत भिक्खुनी भद्दा कुंडलकेसा आहेत. गावाच्या वेशीवर जांभळाची फांदी रोवून वादाचे आव्हान देत त्या फिरायच्या. सारिपुत्तांशी वादात हरल्या तेव्हा हार मान्य करून लगेच धम्माकडे वळल्या आणि पुढे कित्येक वर्षे अंग, मगध, काशी, कोसल असा प्रदेश पायी फिरल्या. त्यांचे नाव वंदनेत घ्यायचे आणि आपल्या बहिणीला महाडच्या सहलीलाही पाठवायचे नाही, हे जुळत नाही. मंडळाच्या सहलीत, अभ्यास दौऱ्यात मुलींची संख्या किती असते हे एकदा मोजून पाहा.

सुरुवात कुठून करावी?

*जवळच्या अनोळखी जागेपासून.* न्हाव्याच्या किनाऱ्यावरून घारापुरी समोर दिसते. तिथली शिवाची लेणी जगाला माहीत आहेत. पण त्याच बेटाच्या पूर्वेकडच्या टेकडीवर विटांच्या प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत, हे आपल्यातल्या किती जणांनी जाऊन पाहिले? एखाद्या सुटीला मित्रमैत्रिणींना फोन करा आणि निघा. असेच नालासोपाऱ्याला जा. 'बुरुड राजाचा कोट' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेकाडात पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये स्तूप उजेडात आणला. महाडला चवदार तळ्याबरोबर गांधारपाले लेणी पाहा. कर्जतजवळची कोंडाणे लेणीही एका दिवसात होतात. परत आल्यावर विहारात दहा मिनिटे त्याविषयी बोला. बोलावे लागणार हे माहीत असले की पाहणेही बदलते.

*कामाच्या जागेपासून.* धाडस फक्त प्रवासात नसते. कंत्राटदाराकडे पगारपत्रक मागणे, आपला पीएफ खरोखर भरला जातो का हे यूएएन क्रमांकाने तपासणे, यालाही छातीत धडधड होते. एकट्याने जाऊ नका. महाडला रांगेने गेले होते.

*शिक्षणापासून.* अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना परदेशी उच्च शिक्षणासाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. दरवर्षी ७५ विद्यार्थ्यांची निवड होते. जाहिरात आल्यावर कागद गोळा करायला घेतले तर उशीर होतो. इंग्रजीची परीक्षा, विद्यापीठाचा प्रवेश, उत्पन्नाचा दाखला यांची तयारी आधीच्या वर्षीच सुरू करा.

*समुद्रापासून.* ज्याच्या दारात बंदर आहे त्याने जहाजावरच्या नोकरीचा विचार का करू नये? न्हाव्यातच टी. एस. रहमान ही जुनी प्रशिक्षण संस्था आहे. मात्र कोणत्याही संस्थेला नौवहन महासंचालनालयाची मान्यता आहे का, भरती करणाऱ्या कंपनीकडे परवाना आहे का, हे त्यांच्या संकेतस्थळावर तपासा. नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणारा एजंट कायदा मोडत असतो. पुण्णासारखी एकेक पायरी मोजा.

सुरक्षिततेची चेष्टा करू नका. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली आणि अनेकांचे प्राण गेले. बोटीत बसताच लाइफ जॅकेट मागा आणि घाला. पावसाळ्यात समुद्राशी पैज लावणे याला धाडस म्हणत नाहीत.

मोठा निर्णय असेल, नोकरी सोडायची, शहर बदलायचे, तर निघण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारा. मी कशापासून दूर जातो आहे आणि कशाकडे जातो आहे? माझ्या जाण्याची किंमत घरातले कोण मोजणार आणि त्याला मी विचारले आहे का? परत येईन तेव्हा माझ्या वस्तीला, माझ्या माणसांना काय देईन? पहिल्या प्रश्नाला फक्त "दूर" एवढेच उत्तर आले तर थोडे थांबा. तिन्हींची उत्तरे आली तर मग कोणाच्या हसण्याला भिऊ नका.

धम्म जगभर गेला तो चालणाऱ्या माणसांमुळे. बुद्धांनी पहिल्या साठ भिक्खूंना एकाच वाटेने दोघांनी जाऊ नका असे सांगून चारी दिशांना पाठवले, ते बहुजनांच्या हितासाठी. ती चारिका थांबलेली नाही. येत्या रविवारी वंदना झाली की सगळे घरी जाण्याआधी विहारातल्या चार जणांना थांबवा आणि विचारा, पुढच्या सुटीला कुठे निघायचे? तारीख तिथेच ठरवा आणि मुलींची नावे आधी लिहा.

नमो बुद्धाय, जय भीम!